द ब्रॉय, ऑयलर आणि कळे गावची पाटी

प्रश्न: सर, मी कोल्हापूरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गेल्या वर्षी विज्ञान दिनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी एका फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव ‘डी ब्रॉग्ली’ असं घेतलं आणि प्रमुख पाहुण्यांनी भाषणात, माझं नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशा बेताने, ‘आपल्याकडे शास्त्रज्ञांची नावंसुद्धा धड घेता येत नाहीत’ असा चिमटा काढला. यंदाही माइक माझ्याच हातात आहे. युलर की ऑयलर, ह्युजेन्स की हायगेन्स, श्रोडिंजर की श्रोडिंगर, हे ठरवायचं कसं? आणि मी मराठी माध्यमात शिकले म्हणून हे होतंय का?

उत्तर: मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तुमच्या मनाला जास्त लागलेलं दिसतंय. मराठी माध्यमाचा यात काडीचा दोष नाही. तेहतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून मी निवृत्त झालो. तेवढ्या काळात मी स्वतः वीस-पंचवीस नावं तरी चुकीची घेतली असतील, आणि प्रत्येक चूक एकाच वाटेने आली. नाव कानावर पडायच्या आधी मी ते इंग्रजी अक्षरांत वाचलेलं असायचं.

आपल्या गगनबावड्याच्या रस्त्याला कळे लागतं. इंग्रजीत लिहायचं तर के-ए-एल-ई. हीच चार अक्षरं ‘काळे’ आडनावाला पुरतात आणि ‘काले’लाही. लंडनचा माणूस तिथे आला तर तो पाटी वाचून सरळ ‘केल’ म्हणेल. त्याला हसण्यासारखं काही नाही, त्याच्या भाषेत त्या अक्षरांचा उच्चार तसाच होतो. हे नाव आपल्या भाषेतलं नाही, एवढंच त्याच्या लक्षात आलेलं नसतं. ‘डी ब्रॉग्ली’ म्हणताना आपणही तेच करतो. फ्रेंच गावाची पाटी इंग्रजी चष्म्यातून वाचतो.

म्हणून नाव समोर आलं की उच्चार काय हे नंतर, माणूस कुठला हे आधी विचारायचं. नाव कुठल्या भाषेतलं ते कळलं की निम्मं काम झालं.

माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमचं दुःख हलकं होईल. नोकरीची पहिली वर्षं होती. कोल्हापूरबाहेर एका प्रशिक्षण वर्गात मला पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायला लावला. मी फळ्यावर सूत्र लिहून ‘युलर’, ‘युलर’ करत होतो. शेवटी मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “हे युलर कोण? ऑयलरचे धाकटे बंधू का?” सगळा हॉल हसला. त्या दिवशी मी जेवायला सगळ्यांबरोबर बसलो नाही. पण रात्री विचार केला, की मी ‘युलर’ आणलं कुठून? युक्लिडवरून! दोन्ही नावं ई-यू ने सुरू होतात. युक्लिड ग्रीक, तो इंग्रजीमार्गे आपल्याकडे ‘यु’ होऊन आला. लेओनहार्ड ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जन्मला, घरची भाषा जर्मन, आणि जर्मनमध्ये ई-यू चा उच्चार ‘ऑय’. गंमत म्हणजे हा नियम मला माहीत होताच, फक्त माहीत आहे हे माहीत नव्हतं. फ्रॉइडच्या नावातही तेच ई-यू आहे, आणि फ्रॉइडला ‘फ्रूड’ म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. फॉन नॉयमानचंही तसंच.

जर्मनवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण आपल्या सिलॅबसमध्ये सर्वांत जास्त नावं तिथली, आणि जर्मन ही वचनाला पक्की भाषा आहे. एकदा नियम कळला की सहसा दगा देत नाही. ई-आय आणि आय-ई या जोड्यांत मुलं कायम गोंधळतात. त्यांना मी एक युक्ती सांगायचो: जोडी ज्या अक्षरावर संपते, त्याचं इंग्रजी नाव उच्चारा. ई-आय आली की ‘आय’: आइन्स्टाइन, गाइगर, हायझेनबर्ग, लाइब्निट्स. आय-ई आली की ‘ई’: रीमान, आणि वीन. विस्थापन नियमवाल्या वीनला आपल्याकडे ‘वेन’, ‘वियेन’, ‘वाईन’ काय वाट्टेल ते म्हणतात. त्यातलं ‘वाईन’ तर वर्गात म्हटलंत की पुढची पाच मिनिटं गेलीच.

आता मराठी माध्यमाचा फायदा बघा. लाइब्निट्स, हेर्ट्स, लोरेंट्स यांच्या शेवटी जो झेड आहे, तो इंग्रजीतला ‘झ’ नव्हे. तो ‘त्स’ आहे, आणि हा आवाज इंग्रज माणसाला शब्दाच्या सुरुवातीला काढायला सांगितला तर तो अडखळतो. आपल्याकडे तो दिवसातून पन्नास वेळा येतो. चाक, चूल, चोर म्हणा. त्यातला ‘च’ आणि चंद्र, चित्र यातला ‘च’ वेगळा, हे आपल्या जिभेला शिकवावं लागत नाही. चाकातला तो ‘च’ म्हणजेच जर्मन झेड. मराठीत ‘हर्ट्झ’ लिहून आपण त्याला उगाच झणझणीत करून ठेवलंय.

श्रोडिंगरचंही तसंच. ‘श्रोडिंजर’ चूक, कारण तिथे जी चा ‘ज’ होत नाही. पण ‘श्रोडिंगर’मधला ‘ग’सुद्धा जर्मन माणूस खणखणीत उच्चारत नाही. एन-जी मिळून त्यांचा एकच आवाज होतो, आणि तो आपल्या वर्णमालेत कवर्गाच्या टोकाला बसलेला आहे. वाङ्मय म्हणताना जो ‘ङ’ येतो, तोच. श्रोडिङर. बालवाडीपासून पाठ केलेल्या त्या बिचाऱ्या अक्षराला शब्दात क्वचितच काम मिळतं, व्हिएन्नाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने ते दिलं.

त्याच नावात ओ वर दोन टिंबं आहेत, तो स्वर मात्र आपल्याकडे नाही. कृती अशी: ‘ए’ म्हणायला सुरुवात करा, जीभ जागची हलवू नका, आणि फक्त ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा. जो चमत्कारिक आवाज निघेल तो बरोबर आहे. एकदा मी पूर्ण वर्गाला हे करायला लावलं. साठ मुलं ओठ काढून ‘एऽऽ’ करतायत आणि दारात शिपाई नोटीस घेऊन उभा. तो नोटीस न वाचताच परत गेला. हाच स्वर रोंटगेनमध्ये आहे, तिथेही ‘रॉन्टजेन’ नाही, ‘ग’च. पण हा स्वर जमला नाही तरी बिघडत नाही. साधा ‘ओ’ वापरा, फक्त ‘ज’ घालू नका.

रोंटगेनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १८९५ मध्ये त्याला ते किरण सापडले तेव्हा ते काय आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने अज्ञात राशीचं एक्स हे चिन्ह वापरलं. जर्मन लोक आजही त्यांना रोंटगेनचे किरण म्हणतात. आपल्या पूर्वसुरींनी बीजगणितातल्या एक्सला ‘क्ष’ केलेलं होतं, म्हणून ‘क्ष-किरण’ झाले. भाषांतर इतकं नेमकं बसलं की त्यात मूळ माणसाचं नाव घ्यायची वेळच येत नाही. १९०१ चं भौतिकशास्त्रातलं पहिलं नोबेल ज्याला मिळालं त्याचं नाव आपल्या मुलांच्या कानावर क्वचित पडतं, ते यामुळेही असेल.

डब्ल्यूचा ‘व्ह’ आणि व्हीचा ‘फ’, हे लक्षात ठेवा, म्हणजे फॉन लाउए, व्होलर वगैरे सुटतील. माखच्या शेवटी घसा खरवडणारा ‘ख’ आहे, इंग्रजीत त्याचा ‘क’ होतो. विमानाचा वेग सांगताना ‘माक’ म्हणा, माणूस सांगताना ‘माख’.

जर्मन संपवण्यापूर्वी एक पुरावा देतो, कारण कुणी तुम्हाला ‘हे तुम्ही कशावरून म्हणता’ असं विचारलं तर हाताशी काहीतरी पाहिजे. हान्स बेथे हे नाव. आपल्याकडे ‘बीथ’, ‘बेथे’ चालतं, पण जर्मनमध्ये टी-एच चा उच्चार निव्वळ ‘ट’. म्हणजे ‘बेटे’, शेवटचा स्वर तोकडा. विश्वाच्या सुरुवातीला मूलद्रव्यं कशी तयार झाली यावर राल्फ अल्फर या विद्यार्थ्याने त्याचा मार्गदर्शक जॉर्ज गॅमॉव्हबरोबर एक शोधनिबंध लिहिला. गॅमॉव्ह वात्रट माणूस. बेटेचा त्या कामाशी संबंध नसताना त्याने त्याचं नाव मध्ये घुसवलं, का, तर अल्फर, बेटे, गॅमॉव्ह मिळून अल्फा, बीटा, गॅमा व्हावं! निबंध छापूनही आला १ एप्रिल १९४८ ला. आता ‘बीथ’ म्हणून हा विनोद करून दाखवा. होत नाही. नावाचा उच्चार खुद्द शास्त्रज्ञांच्या थट्टेत असा जपलेला दुसरा मला माहीत नाही.

आता फ्रेंच, म्हणजे तुमचा ‘डी ब्रॉग्ली’. फ्रेंच लिहिते खूप आणि बोलते कमी. शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा गिळलेली असतात: फर्मा, फुको, कार्नो, बियो आणि साव्हार. आपण ‘फरमॅट’, ‘बायोट-सावर्ट’ म्हणतो. बायोट-सावर्टमध्ये तर मूळच्यापेक्षा दोन ‘ट’ जास्त आहेत. कधीकधी मधलं अक्षरही मुकं असतं. ज्याच्या नावाची भिंगं दीपगृहांत बसवली तो फ्रेनेल आहे, त्यातला एस उच्चारत नाहीत. मी शाळेपासून ‘फ्रेस्नेल’ ऐकत आलो, शिकवायला लागल्यावरही सात-आठ वर्षं तेच म्हणत होतो. तुमच्या केमिस्ट्रीच्या सहकाऱ्यांना सांगा, ‘ली चॅटेलियर’ हा ‘ल शातलिये’ आहे, आणि लव्हॉयझर हा ‘लाव्ह्वाझ्ये’.

लुई द ब्रॉय. घराणं मुळात इटलीतल्या पिएमोंते भागातलं, तिथे आडनाव होतं ब्रोल्या. इटालियन भाषेत जी-एल-आय ही तीन अक्षरं मिळून ‘ल्य’ असा ओला उच्चार होतो. माणसं फ्रान्सला आली, स्पेलिंग फ्रेंच वळणाचं झालं आणि उच्चार ‘ब्रॉय’ किंवा ‘ब्रय’च्या आसपास स्थिरावला. म्हणजे त्या ‘ग’ला ना इटलीत आवाज होता ना फ्रान्समध्ये. तो आवाज पहिल्यांदा बहुधा इंग्रजी वाचणाऱ्यांनीच दिला असावा. ‘डी’ नाही, ‘द’. यंदा माइकवर ‘लुई द ब्रॉय’ म्हणा, १९२४ च्या प्रबंधात इलेक्ट्रॉनला तरंग चिकटवणारा, १९२९ चा नोबेल विजेता. आणि पुढच्याच वाक्यात ‘ज्यांना आपण पुस्तकात डी ब्रॉग्ली म्हणून वाचतो ते’ असं जोडा. नाहीतर मागच्या रांगेतल्या मुलांना वाटेल हा कोणी नवाच गृहस्थ आला.

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, रशियन या सगळ्यांत टी हा आपला दंत्य ‘त’ आहे आणि डी हा ‘द’. इंग्रजीमुळे आपण जगातल्या प्रत्येक टीचा ‘ट’ करून टाकला. देकार्त, तोर्रिचेल्ली, आवोगाद्रो. बघा, म्हणून बघा, ही नावं मराठी तोंडात किती सहज बसतात. ‘टॉरिसेली’ म्हणायला उलट जास्त कष्ट पडतात. इटालियनमध्ये सी च्या पुढे आय किंवा ई आला की ‘च’. एवढं पुरे. फ्रेंच नाकातले स्वर, प्वँकारेतला ‘अँ’ वगैरे, कोकणात मूळ असलेल्या माणसाला फुकट येतात. आपण घाटावरच्यांनी थोडं नाक वापरावं.

हायगेन्सवर मात्र मी तुम्हाला तडजोड सुचवतो. तो डच, हेगचा. डच मंडळी म्हणतात तो उच्चार ‘हाउखन्स’ आणि ‘हॉयखन्स’ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, त्यातला ‘ख’ही घशातून खरवडलेला. मी तो प्रयत्न एकदा वर्गात केला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने “सर, पाणी आणू का?” असं विचारलं. जगभर इंग्रजीत आणि मराठी पाठ्यपुस्तकात ‘हायगेन्स’ रुळलंय, तेच म्हणा. ‘ह्युजेन्स’ तेवढं टाळा.

बाकीच्या भाषा भराभर सांगतो. पोलिश एल वर तिरकी काट असली की तो ‘व’ होतो. मारी क्युरीचं माहेरचं आडनाव स्क्वोदोव्स्का, ‘स्क्लोडोव्स्का’ नाही. हंगेरियनमध्ये सगळं उलटं: नुसता एस म्हणजे ‘श’ आणि एस-झेड म्हणजे ‘स’. म्हणून एर्दोश, पण सिलार्ड. रशियनमध्ये ई वर दोन टिंबं असली की ‘यो’ किंवा ‘ओ’, आणि छपाईत ती टिंबं बहुधा गाळतात. त्यामुळे ‘चेबिशेव्ह’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो खरा ‘चेबिशॉफ’. स्वीडिश ए वर टिकली म्हणजे ‘ओ’, तेव्हा अँगस्ट्रॉम हा माणूस ‘ओंगस्त्रम’ होता.

चिनी नावांत आडनाव आधी येतं. आणि इथे देवनागरीचा असा उपयोग होतो की इंग्रजीवाल्यांनी हेवा करावा. चिनी भाषेच्या अधिकृत रोमन लिपीत टी, पी, के ही अक्षरं महाप्राण आहेत, म्हणजे आपले थ, फ, ख. आणि डी, बी, जी हे जवळपास आपले साधे त, प, क. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चं नोबेल मिळालेल्या बाईंचं नाव ‘तू यूयू’ असं वाचलं जातं. ते ‘थू यौयौ’च्या जवळ आहे. हा फरक इंग्रजी लिपीत दाखवता येत नाही, आपल्याला एका अक्षरात दाखवता येतो. वर्गात ‘थू’ म्हटल्यावर काय होईल याची जबाबदारी मी घेत नाही.

आता नियम मोडणारे. माणूस देश सोडतो तेव्हा कधीकधी नावही नव्या देशाच्या पद्धतीने घेऊ लागतो, आणि मग त्याचा उच्चार खरा. प्रकाशाचा वेग मोजणारा मायकेलसन हा प्रशियात जन्मला, पण लहानपणीच अमेरिकेत गेला. त्याचं नाव ‘मिचेलसन’ही नाही आणि जर्मन वळणाचं ‘मिखेलसोन’ही नाही. फाइनमन न्यूयॉर्कचा, तो ‘फेनमन’ नाही. लाग्रांज तर जन्माने तुरीनचा इटालियन, मूळ आडनाव लाग्रांज्या, पण कारकीर्द बर्लिन आणि पॅरिसला, आणि गणितात फ्रेंच रूपच टिकलं. अशा वेळी जन्मदाखला काढत बसू नका. तो माणूस स्वतः काय म्हणायचा ते शोधा. विकिपीडियावर नावापुढे ध्वनिफितीचं चिन्ह असतं, ते त्या माणसाच्या भाषेतल्या पानावर जाऊन दाबा, इंग्रजी पानावर नको. मोठ्या हयात शास्त्रज्ञांच्या मुलाखती नोबेलच्या संकेतस्थळावर आहेत. त्यात पहिल्या अर्ध्या मिनिटातच नाव ऐकायला मिळतं.

पण हे सगळं कुठवर ताणायचं? माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. खिशात कायम व्हर्निअर. ते त्याला ‘वरनेल’ म्हणायचे. ऑइल इंजिनचे पार्ट त्यांनी हयातभर त्याच वरनेलवर मापले. मी नव्याने एमएस्सी झालो होतो, अंगात रग होती, त्यांना म्हटलं, हा प्येर व्हेर्न्ये नावाचा फ्रेंच माणूस होता, १६३१ मध्ये त्याने ही मोजपट्टी छापून जगापुढे मांडली. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं. “मग त्येनं माप बदलतं का रं?” आणि परत जॉबकडे वळले. आजही वर्कशॉपमध्ये उभं राहून ‘व्हेर्न्ये’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी व्हर्निअर देणार नाही. डिझेल तसंच, ब्रिनेल तसंच. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगचा हार्डनेस काढणारं पोरगं दिवसभर ब्रिनेलचा आकडा लिहितं, तो ब्रिनेल स्वीडनचा अभियंता होता हे त्याला सांगा जरूर, पण उच्चारावरून टोकू नका. नाव वस्तूला किंवा एककाला चिकटलं की ते त्या धंद्याचं झालं. कूलोम, अँपिअर, सेल्सिअस, अँगस्ट्रॉम ही एककं पुस्तकात आहेत तशी म्हणा. दुधाच्या पिशवीवरचं ‘पाश्चराइज्ड’ही तसंच राहू द्या. पाश्चर फ्रेंचांचा ‘पास्तर’ आहे हे खरं, पण मराठीत त्याला ‘पाश्चर’ म्हणून पिढ्या झाल्या. न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइन यांनाही मी हात लावत नाही. बर्लिनमध्ये ‘आइन्श्टाइन’ म्हणतात म्हणून कोल्हापुरात तो ‘श्ट’ लावणं हा मला पोशाखीपणा वाटतो.

माझी रेघ अशी आहे. जे रूप मराठीत रुजलंय आणि मूळच्या जवळपास आहे ते ठेवा. जिथे नुसत्या इंग्रजी वाचनाने माणूस ओळखू येईनासा झालाय, तिथे सुधारा. ‘युलर’, ‘ब्रॉग्ली’, ‘फरमॅट’, ‘फ्रेस्नेल’, ‘श्रोडिंजर’, ‘ली चॅटेलियर’ या दुसऱ्या गटातले. परीक्षेच्या पेपरात मात्र पुस्तकातलं रूपच लिहायला सांगा. परीक्षकाला फ्रेंच येत असेल यावर मुलांचे मार्क लावू नका.

एक गोष्ट मला जास्त खुपते. परदेशी नावांवर आपण एवढी मेहनत घेतो आणि घरची नावं बिघडवतो. तुमचा कार्यक्रम २८ फेब्रुवारीचा, म्हणजे १९२८ मध्ये ज्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला त्या दिवसाचा. फलकावर बघा, निम्म्या ठिकाणी ‘रमण’ असतं. तमिळमध्ये ते ‘रामन’ आहे, म्हणजे आपला राम, पुढे तमिळ ‘न’. ‘रमण’ हा वेगळाच शब्द झाला. चंद्रशेखर हे वडिलांचं नाव, व्यंकट रामन हे त्यांचं. सत्येंद्रनाथ बोस बंगालीत ‘शोत्येंद्रनाथ बोशु’ होतात. ते माहीत असावं, म्हणायची गरज नाही.

आणि आपले नारळीकर. १९ जुलै १९३८ ला याच कोल्हापुरात जन्मले. त्यांचं नाव जगभर ‘नार्लिकर’ म्हणून घेतलं जातं, कारण इंग्रजीत ‘ळ’ नाही आणि र नंतरचा ‘अ’ स्पेलिंगमध्ये गळालेला आहे. केंब्रिजला फ्रेड हॉयलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला, तोही ‘हॉयल-नार्लिकर’ म्हणूनच ओळखला जातो. हे समजण्यासारखं आहे. पण गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातल्याच मुलांच्या तोंडून मी ‘नार्लीकर’ ऐकलंय. ही मुलं नारळ म्हणतात, नारळीपौर्णिमा म्हणतात, आणि आपल्याच गावच्या माणसाचं नाव इंग्रजी पुस्तकातून वाचून ‘नार्लीकर’ म्हणतात. तुमच्या कार्यक्रमात हे एकच नाव मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतलंत तरी मला चालेल.

संहिता लिहिताना एवढं करा. प्रत्येक नाव देवनागरीत लिहा, जसं म्हणायचं तसं, ‘लुई द ब्रॉय’. इंग्रजी स्पेलिंग त्या कागदावर ठेवूच नका, ऐनवेळी डोळा तिकडेच जातो. आदल्या रात्री नावं दहा वेळा मोठ्याने म्हणा, वाक्यासकट, कारण सुटं नाव येतं आणि वाक्यात अडखळतं. ‘लुई द ब्रॉय यांनी’ म्हणताना ‘य’ला ‘य’ लागतो, तिथे जरा थांबा. आणि कुणी विद्यार्थी चुकीचं नाव घेऊन बोलला तर व्यासपीठावरून दुरुस्त करू नका. आपल्या पाळीच्या वाक्यात बरोबर उच्चार सहज घालून द्या, ज्याला घ्यायचा तो घेतो.

राहता राहिले पाहुणे. त्यांचं आडनाव तुमच्याकडे बहुधा इंग्रजीतल्या मेलमधून येईल. ते के-ए-एल-ई असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.